नाही म्हणायचं, तर तोंडावर

दोन मेल सर्व्हर एकमेकांशी जे बोलतात ते माणसाला सरळ वाचता येतं. परकं मशीन पोर्ट २५ वर येऊन उभं राहिलं की आतलं मशीन ‘२२०’ म्हणतं. म्हणजे, जागा आहे, बोला. परकं मशीन ‘हेलो’ करून आपलं नाव सांगतं. मग ‘मेल फ्रॉम’, म्हणजे पत्र कोणाचं. ‘आरसीपीटी टू’, म्हणजे कोणाला. मग ‘डेटा’, आणि त्यापुढे अख्खा मजकूर. एका ओळीवर नुसतं एक टिंब आलं की पत्र संपलं. आतल्यानं ‘२५०’ म्हटलं की पत्र त्याच्या पदरात पडलं, इथून पुढची जबाबदारी त्याची. ‘४५०’ म्हटलं तर आत्ता नाही, थोड्या वेळानं या. ‘५५०’ म्हणजे नाही, आणि पुन्हा येऊ नका.

ही रीत जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये कागदावर आणली. येणाऱ्याची ओळख पटवून घ्यायची सोय तिच्यात नाही. कोणीही येऊन ‘मी रिझर्व्ह बँकेतून आलोय’ म्हणावं आणि आतल्यानं निमूटपणे पुढचं ऐकावं. पोस्टेल भाबडे होते म्हणून असं झालं, असं नाही. त्यांनीच नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे जगात जेमतेम काही डझन संगणक एकमेकांना जोडलेले असताना, एक छोटंसं टिपण लिहून ठेवलं होतं: एखादं मशीन नको ते संदेश पाठवत सुटलं, तर घेणाऱ्याला ते निवडून नाकारायला काही साधनच नाही. टिपण फायलीत राहिलं. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण चारेकशे जणांना एका फटक्यात पाठवलं. लोक खवळले. थर्क मात्र पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले की त्या पत्रानं कंपनीला चांगली विक्री मिळवून दिली. या धंद्याचं सगळं गणित त्या दोन वाक्यांत आहे: चिडणाऱ्यांचा खर्च पाठवणाऱ्याला पडत नाही, आणि घेणारा एखादा निघतोच.

हे बोलणं ओळीओळीनं सरकताना मी पाहिलं ते जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये, एका धर्मादाय रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीत. खोलीला खिडकी नाही, एसी आहे, आणि एसीच्या पाण्यासाठी खाली बादली आहे. रुग्णालयाचं आणि आपलं नाव छापायचं नाही, ही सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांची अट. कुठली कडी कुठून लावली हे नावानिशी छापायची गोष्ट नव्हे, हे मला पटलं. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

दादांचे वडील तारखात्यात होते. प्रशिक्षणाला म्हणून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. अशी घरं इथे बरीच सापडतात, कारण दूरसंचार खात्याचं मोठं प्रशिक्षण केंद्र १९४२ पासून याच गावात आहे. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. तशी मराठी माणसं त्याच्याही कितीतरी आधीची. १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. गोलबाजारच्या दत्तमंदिरात आजही मराठी ऐकू येतं, पण ते पुण्याचं मराठी नव्हे. ‘मेल येऊन राहिले, जाऊन नाही राहिले,’ हे वाक्य मी त्या खोलीत दिवसातून अनेकदा ऐकलं.

डाक ही या गावाला नवी नाही. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरलाच एकमेकींना भेटल्या आणि मुंबई-कलकत्ता टपाल रुळांवरून सलग धावू लागलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा हिशेब मांडला आहे तो या जोडणीच्या जोरावर. आता मुद्दा असा, की रुग्णालयानं स्वतःचा मेल सर्व्हर ठेवलाच कशाला? सगळं जग गुगलकडे नाहीतर मायक्रोसॉफ्टकडे जातंय. दादांचं उत्तर हिशेबी आहे. दर खात्यामागे दरमहा भाडं भरायचं तर परिचारिका, वॉर्डबॉय, शिकाऊ डॉक्टर मिळून काहीशे खाती होतात. आणि रुग्णांचे अहवाल आपल्याच भिंतीत राहावेत असं विश्वस्तांना वाटतं. मग दारावर कोण उभं राहणार, हा प्रश्न आलाच.

पहिली चाळणी मला सर्वांत आवडली. डाक वाहायचं काम ‘पोस्टफिक्स’ करतं. वीत्से वेनेमा या डच शास्त्रज्ञानं ते आयबीएममध्ये असताना लिहिलं आणि १९९८ च्या अखेरीस सगळ्यांना मोकळं करून दिलं. त्याच्या दारावर ‘पोस्टस्क्रीन’ नावाचा एक पहारेकरी बसवता येतो. कोणी आलं की तो ‘२२०’ एवढं अर्धंच म्हणतो, पुढे एक आडवी रेघ देतो आणि सहा सेकंद गप्प बसतो. रीत माहीत असलेलं मशीन आडवी रेघ पाहून ओळखतं, की यजमानाचं बोलणं अजून संपायचंय. ते थांबतं. व्हायरस लागलेल्या कुणाच्या तरी घरच्या संगणकावरून लाखो पत्रं उरकायला निघालेला प्रोग्राम थांबत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो. तो मध्येच ‘हेलो’ करून बसतो. लॉगमध्ये ‘प्रीग्रीट’ अशी ओळ उमटते आणि पाहुण्याची बोळवण होते. पत्र उघडायचं नाही, वाचायचं नाही, व्हायरस शोधायचा नाही. नुसत्या घाईवरून माणूस ओळखायचा. दादांनी त्या ओळी स्क्रीनवर सोडून दिल्या आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत पान भरलं होतं.

यानंतर येते ती काळी यादी. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली यादी पहिली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी ‘स्पॅमहाउस’ काढली, ती आज जवळपास सगळीकडे वापरली जाते. विचारायची पद्धत मोठी चतुर आहे. येणाऱ्या मशीनचा आयपी पत्ता उलटा लिहायचा, त्यामागे यादीचं नाव जोडायचं आणि वेबसाइटचा पत्ता विचारावा तसा डीएनएसला विचारायचा. उत्तर आलंच नाही तर पाहुणा यादीत नाही. १२७.०.०.२ आलं तर ओळखीचा स्पॅमवाला, १२७.०.०.४ आलं तर व्हायरस लागलेलं मशीन, १२७.०.०.१० किंवा ११ आलं तर घरगुती जोडणीचा पत्ता, जिथून थेट मेल यायलाच नको. एका इवल्याशा आकड्यात निकाल.

अशाच एका आकड्यानं या रुग्णालयाला एकदा दुपारभर बहिरं केलं. ज्या कंत्राटदारानं सर्व्हर पहिल्यांदा उभा केला त्यानं नावं विचारायला गुगलचा सार्वजनिक डीएनएस, म्हणजे ८.८.८.८, लावून ठेवला होता. सार्वजनिक डीएनएसमार्फत आलेल्या प्रश्नांना स्पॅमहाउस उत्तर देत नाही. फुकटात कोण किती विचारतंय हे त्यांना त्यातून कळत नाही. पण गप्प बसण्याऐवजी ते १२७.२५५.२५५.२५४ असा आकडा परत पाठवतात. अर्थ एवढाच, की तुमची विचारायची वाट चुकली आहे. कंत्राटदाराच्या मांडणीत मात्र लिहिलेलं होतं: काहीही उत्तर आलं, की दोषी. त्या दुपारी बँक, औषधांचे पुरवठादार, विद्यापीठ, खुद्द विश्वस्तांचे जीमेल, सगळे दोषी ठरले. लेखा विभागातून फोन आला, ‘दादा, एकही बिल येऊन नाही राहिलं.’ उपाय दोन ओळींचा होता. स्वतःचा डीएनएस रिझॉल्वर बसवायचा आणि १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढ्याच आकड्यांना होकारार्थी उत्तर मानायचं. पण दोषी कोणाला म्हणायचं हे कुठेतरी नेमकं लिहून ठेवावं लागतं, हे शिकायला एक दुपार गेली.

जबलपूरमध्ये बसून हे ऐकताना स्लीमनची आठवण टाळता येत नाही. विल्यम हेन्री स्लीमन हा कंपनी सरकारचा अधिकारी सागर-नर्मदा प्रांतात होता. १८३५ मध्ये ठगीच्या बंदोबस्ताची सगळी सूत्रं त्याच्याकडे आली आणि जबलपूर हे त्या कामाचं केंद्र झालं. इथून कटनीकडे जाताना लागणारं स्लीमनाबाद हे गाव त्याच्याच नावाचं. ठगांची कथा सर्वांना ठाऊक आहे: वाटेत भेटायचं, गोड बोलायचं, सोबत चालायचं, विश्वास बसला की रुमालानं गळा आवळायचा. आजच्या ‘तुमचं केवायसी संपत आलंय’ छापाच्या मेलची चाल हीच, फक्त गळा बँक खात्याचा. स्लीमनची पद्धत मात्र त्याहून लक्ष देण्याजोगी. त्यानं फिरंगियासारखे माफीचे साक्षीदार फोडले. त्यांच्या जबान्यांवरून कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा मेव्हणा याच्या वंशावळ्या मांडल्या. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश तयार करून तो १८३६ मध्ये कलकत्त्याहून ‘रामसीआना’ या नावानं छापला. संशयिताची जबानी एका जिल्ह्यात, पडताळा दुसऱ्यात, आणि निकालाचे कागद जबलपुरात एकत्र. ओळखीच्या खुणांचा कोश, जुन्या गुन्ह्यांची नोंद, कोणाच्या सोबत दिसला यावरून संशय: आजचा स्पॅम फिल्टर नेमकं याच तीन गोष्टींवर चालतो.

आणि याच तीन गोष्टींवर तो चुकतो. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानुसार अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीतला होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. ठग नव्हतेच असं कोणी म्हणत नाही, वाटेवरचे मुडदे खरे होते. पण माफीच्या साक्षीदाराला नावं सांगत राहण्यातच जीव वाचवायचा मार्ग होता, आणि म्हणून त्या जबान्यांवर किती भरवसा ठेवायचा यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. पुढे तीच विचारसरणी ताणत ताणत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत गेली. माणूस जन्मला कुठे यावरूनच तो यादीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण यादीतून नाव निघालं म्हणून गावच्या पाटलाची नजर बदलते असं नाही, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. मेलच्या फिल्टरला मी त्या कायद्याच्या पंक्तीला बसवत नाही. इथे अडकतं ते पत्र, माणूस नव्हे. पण ‘घरगुती जोडणीचा पत्ता’ या यादीत अख्ख्या मोहल्ल्याचे पत्ते एकगठ्ठा असतात, तिथल्या एकानंही काही केलेलं नसताना. त्याला कारणही चांगलं आहे. कारण चांगलं असूनही असंच होतं, म्हणून तर ते नीट पाहायला हवं.

दारावरून आत आलेल्या पत्राचा मजकूर तपासायचं काम ‘स्पॅमअसॅसिन’चं. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. कल्पना गुणांची. विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत आहे, अमुक गुण. पाठवणाऱ्या मशीनच्या पत्त्याला उलट नाव, म्हणजे आयपी पत्त्यावरून मशीनचं नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद, नाही, आणखी थोडे. पाच गुण झाले की स्पॅम. नियम शेकडो, बहुतेक गुण दशांशात, आणि कोणत्याही एका नियमावर सहसा फाशी नाही. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात निराळी वाट जोरात मांडली: नियम लिहीत बसू नका, तुमची चांगली आणि वाईट पत्रं मशीनला दाखवा, कोणता शब्द कुठे किती वेळा येतो ते त्याला मोजू द्या. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या पाद्र्याचं संभाव्यतेचं सूत्र त्यामागे आहे. स्पॅमअसॅसिननं तेही पोटात घेतलं. मात्र किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रं दाखवल्याशिवाय ते शिकलेलं डोकं तोंड उघडत नाही.

तोवर राज्य नियमांचं, आणि नियम लिहिणारे बहुतेक पश्चिमेकडचे. रुग्णालयात पहिला खटका उडाला तो सिल्डेनाफिलवर. जगाला हे औषध व्हायग्रा या नावानं माहीत. स्पॅमच्या इतिहासात याच्याइतकं नाव दुसऱ्या औषधाचं आलं नसेल, आणि स्पॅमअसॅसिनमध्ये त्यासाठी खास नियम आहे. पण फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेल्या रुग्णांना, त्यात नवजात बाळंही आली, हेच औषध देतात. नवजात विभागानं औषध भांडाराला पाठवलेली मागणी, पुरवठादाराचं उत्तर, दरपत्रक, सगळ्यांवर गुण चढले. पुरवठादाराच्या मशीनला उलट नाव नव्हतं, पत्रात मजकूर कमी आणि चित्र मोठं होतं, विषय मोठ्या अक्षरांत. पाच कधी झाले कळलं नाही.

दुसरा खटका भाषेचा. स्पॅमअसॅसिनमध्ये पत्राची भाषा ओळखणारा एक भाग आहे आणि तुम्हाला कोणत्या भाषा चालतात ते त्याला सांगता येतं. त्याच्या यादीत मराठी आहे, हिंदी आहे, नेपाळी आणि संस्कृतसुद्धा आहे. पण आयती मांडणी उचलणारा माणूस ‘इंग्रजी’ एवढंच लिहून मोकळा होतो, कारण ज्याच्याकडून उचलली त्याला इंग्रजीखेरीज आलेलं प्रत्येक पत्र संशयास्पदच वाटत असतं. मग नको असलेल्या भाषेतल्या पत्राला २.८ गुण. नागपूरहून एखाद्या नातेवाइकानं रुग्णाची सगळी हकीकत मराठीत लिहून डॉक्टरांना पाठवावी, आणि तिनं निम्म्याहून जास्त वाट ‘स्पॅम’च्या दिशेनं दारातच चालून यावी. दादांनी चालणाऱ्या भाषांत हिंदी आणि मराठी घातली, आणि हिंदी-मराठी पत्रांचा एक मोठा गठ्ठा बेझच्या शिकवणीला लावला. ‘आपली चिठ्ठी आपल्याच दारात परकी कशी काय?’ एवढंच ते यावर म्हणाले. मला वाटतं, फिल्टर बसवणं म्हणजे सॉफ्टवेअर बसवणं असा जो समज आहे तो इथे संपतो. सॉफ्टवेअर तासाभरात बसतं. आपल्याकडे कोण येतं-जातं हे त्याला शिकवायला महिने लागतात आणि ते काम कोणी बाहेरचा करून देत नाही.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या त्रिकुटावर दादा दोन मिनिटांहून जास्त बोलले नाहीत, मीही लांबवत नाही. माझ्या नावानं कोणतं मशीन बोलू शकतं, हे पहिला सांगतो. पत्रावर मोहोर दुसरा लावतो. दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर काय करायचं हे तिसरा सांगतो. पोस्टेलच्या रीतीत राहून गेलेली ओळखीची सोय अशी वीस-तीस वर्षांनी ठिगळ लावून आणली गेली. उपयोग आहे, रिझर्व्ह बँकेच्या नावानं येणं आता सोपं राहिलं नाही. मात्र काहीशे रुपयांत नवं डोमेन विकत घेऊन तिन्ही गोष्टी काटेकोर करणारे स्पॅमवाले दादा रोज पाहतात. मोहोर खरी आहे एवढ्यानं हेतू खरा ठरत नाही.

‘ग्रेलिस्टिंग’ मात्र त्यांनी लावलं आणि काढून टाकलं. एव्हन हॅरिस यांनी २००३ मध्ये सुचवलेली ही युक्ती छान आहे: अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा ‘४५०’ म्हणायचं. खरा असेल तो पाच-दहा मिनिटांनी परत येईल, स्पॅमवाला फिरकणार नाही. पण २००३ मध्ये ओटीपी असे घरोघरी पोचले नव्हते. आज एखाद्या सरकारी पोर्टलचा दहा मिनिटांत मरणारा ओटीपी मेलवर येतो, आणि समोर ताटकळलेला डॉक्टर ग्रेलिस्टिंगचं कौतुक ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतो.

व्हायरसची बाजू वरकरणी सोपी. तिथे गुण नाहीत, खुणा आहेत. ‘क्लॅमएव्ही’ हे मुक्त सॉफ्टवेअर टोमाश कोयम या पोलिश प्रोग्रामरनं सुरू केलं. आज ते सिस्कोच्या छत्राखाली आहे. दिवसातून अनेकदा नव्या खुणांची यादी उतरवून घ्यायची आणि प्रत्येक जोडपत्र तिच्याशी ताडायचं. खुणांची अख्खी यादी मेमरीत बसते आणि एक जीबीहून जास्त जागा खाते; नवी यादी चढताना जुनीही क्षणभर तिथेच असते, म्हणजे दुप्पट. रुग्णालयातलं जुनं मशीन याच क्षणी गुदमरायचं. आपल्याकडेही या विद्येला परंपरा आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात दुरुस्तीला आलेल्या संगणकांतले व्हायरस काढायला छोटे प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. फ्लॉपीतला व्हायरस त्या काळात हाताहातानं फिरायचा. ४ मे २००० ला ‘आय लव्ह यू’ आला तोवर मेल हेच वाहन झालं होतं. त्याच्या जोडपत्राचं नाव ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ असं संपत होतं, आणि विंडोज शेवटचा तुकडा दाखवत नसल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली.

क्लॅमएव्ही चालतंय की झोपलंय हे पाहायला दादा ‘आयकार’ची चाचणी करतात. ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ; सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांनी तिला व्हायरस म्हणायचं आपसांत ठरवलेलं आहे. बाहेरच्या खात्यावरून ती स्वतःलाच पाठवायची आणि दारात ‘५५०’ पडतंय का पाहायचं. पडलं, की पुढच्या आठवड्यापर्यंत झोप.

गुंता आहे तो कुलूपबंद फायलींचा. पासवर्ड लावलेली झिप उघडून पाहता येत नाही, म्हणून व्हायरस पाठवणारे ती आवडीनं वापरतात आणि पासवर्ड पत्रातच लिहितात. क्लॅमएव्हीला सांगता येतं, की जे उघडत नाही ते सरळ व्हायरस समज. परदेशी सल्ला बहुधा असाच असतो. भारतात तो पाळला तर काय होईल? बँकेचं मासिक विवरण पासवर्डच्या पीडीएफमध्ये येतं. आयकराची पावती पॅन आणि जन्मतारखेनं उघडते. ई-आधार नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्षानं. सीए मंडळी तर झिपला कुलूप लावल्याशिवाय काही पाठवतच नाहीत. ज्या देशात कुलूप हे सभ्यतेचं लक्षण मानलं जातं तिथे कुलूप दिसताच चोर म्हणता येत नाही. दादांनी मधला मार्ग काढला: पीडीएफचं कुलूप चालेल, झिपचं कुलूप फक्त ओळखीच्या पाठवणाऱ्यांकडून.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्याच्यासाठी खरं तर मी तिथे बसलो होतो. फिल्टरनं पत्र वाईट ठरवलं, पुढे काय?

जुनी मांडणी अशी होती, आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे: पोस्टफिक्सनं पत्र घ्यायचं, ‘२५०’ म्हणायचं, आणि मग आतल्या आत पोर्ट १००२४ वर ‘अमाविस’ नावाच्या तपासनिसाकडे द्यायचं. तो स्पॅमअसॅसिन आणि क्लॅमएव्ही दोघांना दाखवतो आणि ठीक असेल तर १००२५ वरून परत देतो. ही मांडणी मजबूत आहे, गर्दी झाली तरी पत्रं रांगेत थांबतात. पण ‘२५०’ म्हणून झालेलं असतं. पाठवणारा ‘पोहोचलं’ समजून निघून गेलेला असतो. आता पत्र वाईट निघालं तर तीनच वाटा. परत पाठवा, पण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा, म्हणजे ते भलत्याच निरपराध माणसाच्या डोक्यात पडणार. २००३ चा सोबिग आणि २००४ चा मायडूम या व्हायरसांच्या वेळी ‘तुम्ही व्हायरस पाठवलात’ अशा खोट्या तक्रारींनीही लोकांची खाती तुंबली होती. दुसरी वाट, बाजूला क्वारंटाइनमध्ये ठेवा. तिथे रोज कोण बघणार? तिसरी, गुपचूप फेकून द्या.

ही तिसरी वाट सर्वांत लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सर्वांत वाईट. पाठवणाऱ्याला वाटतं पोहोचलं. घेणाऱ्याला वाटतं पाठवलंच नाही. दोघांत एक खोटं उभं राहतं आणि त्याचा कर्ता कुठेच दिसत नाही. पोस्टाचं पत्र गहाळ होतं तेव्हा निदान शिव्या घालायला पोस्टखातं असतं. दादांनाही हे एका पुरवठादाराच्या प्रकरणात कळलं. सिल्डेनाफिलचं दरपत्रक तीनदा पाठवूनही उत्तर नाही म्हणून त्या माणसानं रुग्णालयाशी व्यवहारच थांबवला होता, आणि इथे सगळे त्याच्याच नावानं बोटं मोडत होते.

त्यानंतर दादांनी मांडणी बदलली. अमाविसला निरोप दिला आणि ‘मिल्टर’ लावले. आता मजकुराचं शेवटचं टिंब आलं की पोस्टफिक्स लगेच ‘२५०’ म्हणत नाही. परकं मशीन दारात उभं असतानाच पत्र तपासून होतं, आणि मगच हो किंवा नाही. नाही असेल तर ‘५५०’ तोंडावर. खोटा पाठवणारा असेल तर तो तसाच निघून जातो, कुणाला काही परत जात नाही. खरा असेल तर त्याचा स्वतःचाच सर्व्हर त्याला सांगतो, की तुझं पत्र पोहोचलं नाही, कारण अमुक. क्वारंटाइन जवळपास रिकामं झालं. याची किंमत आहे. तपासणीला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ जोडणी अडून राहते. महिनाअखेरीस बिलांची गर्दी झाली की मेमरी अपुरी पडते. दादांनी विश्वस्तांकडून जास्तीची रॅम मागून घेतली. विश्वस्तांना ‘मिल्टर’ समजलं नाही, ‘पुरवठादार परत आला’ हे समजलं.

कायद्याचा इथे फारसा आधार नाही. त्रास देण्यासाठी किंवा पत्राचं मूळ लपवून फसवण्यासाठी पाठवलेल्या मेलवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात एक उपकलम होतं. ते सगळं कलमच सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं, आणि योग्यच केलं, कारण त्या कलमाखाली फेसबुकवर मत मांडणाऱ्या मुलींना अटक झाली होती. पण त्याबरोबर स्पॅमवरचा तो शब्दही गेला. फोन आणि एसएमएसच्या जाहिरातींना ट्रायचे नियम आहेत, मेलला तसे नाहीत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार दादांना लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते, एवढाच सरकारचा या खोलीशी संबंध.

आणि दरम्यान दार दोन्ही बाजूंनी उघडतं, हे विसरून चालत नाही. रुग्णालयाचं पत्र जेव्हा जीमेलच्या दारात जातं तेव्हा परकं मशीन हेच असतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं अटी कडक केल्या: मोहोर हवी, उलट नाव हवं, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत हवं. दादांचा आयपी पत्ता ज्या पट्ट्यातला आहे त्यात शेजारी कोण काय करतंय यावर त्यांचा काही ताबा नाही. उलट नावाची नोंद करून घ्यायला त्यांनी जोडणी देणाऱ्या कंपनीच्या इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई त्यांना नावानं ओळखू लागला. केंद्र सरकारनंही अलीकडे आपल्या कर्मचाऱ्यांची मेल झोहोच्या यंत्रणेवर नेली. छोट्या सर्व्हरवाल्यांची जमात आक्रसत चालली आहे आणि जे उरलेत ते मोठ्यांच्या दारात कायम संशयित. मोठे बऱ्याचदा ‘५५०’ही म्हणत नाहीत, ‘२५०’ म्हणून पत्र स्पॅमच्या फोल्डरात टाकतात, जिथे रुग्ण कधी बघत नाही.

आपल्या ‘५५०’च्या मजकुरात दादांनी शेवटी एक गोष्ट घातली, जी कुठल्याही मार्गदर्शिकेत ठळक छापलेली मला दिसली नाही: खोलीतल्या फोनचा नंबर. ‘पत्र चुकून नाकारलं असेल तर फोन करा.’ कटनीच्या एका सीएचा फोन येतो, नागपूरच्या प्रयोगशाळेचा येतो, कधी एखाद्या रुग्णाच्या मुलाचा पुण्याहून. दादा नाव लिहून घेतात, लॉगमध्ये ओळ शोधतात, कोणत्या नियमानं किती गुण दिले ते पाहतात आणि तिथल्या तिथे दुरुस्ती करतात. स्पॅमवाले अर्थातच फोन करत नाहीत. एकच अपवाद झाला, मी तिथे असतानाच. पलीकडचा माणूस इंदूरहून बोलत होता आणि त्याची तक्रार होती, की त्याच्या कंपनीची पत्रं रुग्णालयात पोहोचतच नाहीत. कंपनी करते काय, असं दादांनी विचारलं. एका वेळी लाखो लोकांना मेल पाठवायची सेवा देतो, तो उत्साहानं म्हणाला, रुग्णालयांना खास सवलत आहे, दरपत्रक कुठे पाठवू? दादांनी पिनकोडसकट नेपियर टाउनचा पोस्टाचा पत्ता सांगितला.